गाळ

परवा माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकायला गेले होते. काउंटरवरचा मुलगा हसतमुख, भराभर टिकमार्क करत होता. टायरची हवा, एसीचा फिल्टर, वायपर... आणि त्याच ओघात त्याने विचारलं, "मॅडम, ऑइल बदलतोच आहोत तर इंजिन फ्लश पण टाकू ना? आतून इंजिन एकदम क्लीन होऊन जाईल."

मी "नको!" म्हणाले ते इतक्या जोरात की शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. त्या मुलाचाही चेहरा पडला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "नको रे, माझ्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, त्याची गरज नाही." पण ते कारण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्याला सांगत बसले असते तर मागे रांग लागली असती. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. "बाबांनी सहा वर्षं तेल बदललं नाही आणि गाडी खंबाटकी घाटात बंद पडली" ही ती गोष्ट. लग्नात, बारशात, दिवाळीच्या फराळाला मीच ती रंगवून सांगितली आहे. पण तीही अर्धीच आहे. दादा, वाचतोयस ना? उरलेली अर्धी तुलाही माहीत नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालव्यांवर गेली. २००३ साली निवृत्त झाले आणि २००४ मध्ये निवृत्तीच्या पैशांतून वॅगन आर घेतली. रुपेरी रंगाची, १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन असलेली. त्याआधीची सव्वीस वर्षं त्यांच्याकडे चेतक होती. हे चेतकचं प्रकरण इथे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सांगते.

जुनी चेतक म्हणजे टू-स्ट्रोक. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना आठवत असेल, पेट्रोल भरताना त्यात मापाने ऑइल मिसळायचं. तेच ऑइल इंजिनाला वंगण म्हणून लागायचं आणि पेट्रोलबरोबर जळून निळ्या धुराच्या रूपाने निघून जायचं. गिअरचं तेल वेगळं, ते कधीतरी मिस्त्री बदलायचा. पण इंजिनातलं तेल "बदलायचं" असतं ही भानगडच त्या स्कूटरला नव्हती. त्यामुळे बाबांच्या डोक्यात तेल ही संपणारी वस्तू होती, खराब होणारी नव्हे. संपलं की घालायचं. नाही संपलं तर उत्तम, गाडी चांगली आहे!

वॅगन आरचं तेल काही संपत नव्हतं. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते डिपस्टिक काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे, परत घालून बघायचे आणि आईला ओरडून सांगायचे, "आहे तेवढंच आहे हो!" कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तेल दहा हजार किलोमीटरला बदलायचं. त्याप्रमाणे पहिली फुकट सर्व्हिसिंग सोडली तर एकदा २००८ मध्ये बदललं, एकदा २०१३ मध्ये. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने असं दोन्ही लिहिलेलं असतं, यातलं जे आधी होईल ते. बाबांनी त्यातलं किलोमीटर तेवढं घेतलं. आणि त्यांचे किलोमीटर होणार तरी किती? गोडोलीतल्या घरून पोवई नाका, भाजी, बँक, देऊळ आणि परत. वर्षाकाठी पुण्याला एखाद-दुसरी फेरी. २०१९ साली गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा मीटरवर २८,४०० होते. पुढचं तेल तीस हजाराला. म्हणजे अजून सोळाशे किलोमीटर शिल्लक!

आता त्या दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिनात काय होतं, ते मला नंतर कळलं.

पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं. थोडंथोडकं नाही, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण थोडी वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि काजळी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतात. इंजिन चांगलं तापलं तर पाणी आणि पेट्रोल तेलातून पुन्हा उडून जातात. पण पोवई नाक्यापर्यंत जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? काटा मधोमध आला तरी तो असतो पाण्याचा, कूलंटचा. तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. ते कोमट झालं न झालं तोच गाडी परत गेटात. म्हणजे पाणी तेलातच राहिलं, पेट्रोलही तेलातच राहिलं. बाबांची "आहे तेवढंच आहे" ही जी पातळी होती, तिच्यात तेल किती आणि इतर काय काय, देव जाणे.

नव्या तेलात याची सोय केलेली असते. धूळ-काजळी धुऊन काढणारी रसायनं आणि ती तेलातच तरंगत ठेवणारी, कुठे बसू न देणारी रसायनं. पण ती कामात खर्च होतात. एकदा ती संपली की आलेली घाण बसायला लागते. आधी तेलाच्या झाकणाला आतून करड्या रंगाची साय दिसते. मग हळूहळू सगळीकडे काळा खरवस. याला इंग्रजीत स्लज म्हणतात. बाबांच्या भाषेत गाळ.

तर २०१९ ची दिवाळी झाली आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. मी साताऱ्याला जाऊन दोघांना त्यांच्याच गाडीतून घेऊन आले. गाडीचं रजिस्ट्रेशनही संपत आलेलं. पंधरा वर्षांनंतर ते पुढच्या पाच वर्षांसाठी करून घ्यावं लागतं, आरटीओत गाडी दाखवावी लागते. म्हटलं, बाबा विश्रांती घेतायत तोवर गाडीचं सगळं काम करून टाकू. थोडं कौतुकही होतं मनात. मुलगी असून गाडीचं सगळं बघते वगैरे :-)

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने तेलाचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा मॅडम." आत जिथे चकचकीत धातू दिसायला हवा तिथे काळा थर होता. बोट लावलं तर बोटाला चिकटून आला. मला खरं सांगायचं तर धक्का बसण्याऐवजी एक प्रकारचा आनंदच झाला. गेली दोन वर्षं मी बाबांना म्हणत होते की आता गाडी चालवणं बंद करा, आणि ते ऐकत नव्हते. आता पुरावाच मिळाला! मी लगेच फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली लिहिलं, "बघ बाबांचे पराक्रम."

मग त्या माणसाने फ्लशचं सुचवलं. छोटी बाटली असते. ती जुन्या तेलात ओतायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची आणि मग सगळं एकदम काढून टाकायचं. पंधरा वर्षांची घाण पंधरा मिनिटांत बाहेर. सहाशे-सातशे रुपयांचं काम. मी म्हटलं, उद्या गाडी आणते, तेव्हा करा.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते काळा चष्मा लावून बसले होते. ताटातला हात थांबवून म्हणाले, "इंजिन धुवायचं कशाला? बसलेला गाळ उगाच ढवळू नये. ढवळायचाच तर आधी खालचं दार उघडावं लागतं. नाहीतर तो पुढच्या जाळीत जाऊन बसतो."

मला वाटलं, हा सहाशे रुपयांचा चिकटपणा. "बाबा, हा कालवा नाहीये. गाडी आहे," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. आमटी वाढ म्हणाले.

ही ती उरलेली अर्धी गोष्ट. बाबांनी मला सांगितलं होतं. हे मी आजवर एकदाही कुणाला सांगितलेलं नाही. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं नव्हतं. आणि बाबांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

फ्लश झालं, नवं तेल, नवा फिल्टर, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर आवाज खरंच मऊ वाटला. नव्या तेलाने वाटतोच म्हणा. आठवड्याभराने डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही साताऱ्याला निघालो. मी चालवत होते, बाबा शेजारी काळ्या चष्म्यात, आई मागे डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. कात्रजचा बोगदा, शिरवळ, सगळं मजेत. "किती शांत झालंय बघा इंजिन," हेही मी खेड शिवापूरच्या आसपास म्हणून घेतलं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा. बोगदा होता तो फक्त येणाऱ्यांसाठी. घाटात एक ट्रक बंद पडला होता, त्यामुळे रांग. पाच मिनिटं पुढे, दहा मिनिटं जागेवर. ऊन, एसी चालू, इंजिन तापलेलं. माथा जवळ आला तेव्हा पुन्हा थांबलो. बाबा म्हणाले, "आवाज ऐकतेस का?"

मी गाणी बंद केली. टक टक टक टक, असा बारीक आवाज. कुणीतरी पेनाने टेबलावर वाजवल्यासारखा.

"ट्रकचा असेल."

"आपला आहे. आणि तो लाल दिवा कसला लागलाय?"

बघितलं तर तेलाच्या किटलीच्या आकाराचा लाल दिवा. लागत होता, विझत होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो दिसला आणि चालवणाऱ्या मला दिसला नव्हता! मी म्हटलं, "पुढे सपाटीला जाऊन थांबू, रांग सुटतेच आहे." बाबांचा आवाज मी इतका चढलेला फार कमी वेळा ऐकलाय. "बंद कर आधी! आत्ता!"

मी किल्ली फिरवली. मागच्या जीपमधल्या चौघांनी उतरून गाडी ढकलत कडेला लावून दिली. अजून दोन-चार किलोमीटर तशीच रेटली असती तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगा गेल्या असत्या, हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं. पंधरा वर्षांच्या गाडीला तेवढा खर्च कुणी करत नाही. गाडी भंगारातच गेली असती.

क्रेन बोलावली आणि टोचन करून गाडी साताऱ्याला, बाबांच्या ओळखीच्या गॅरेजात नेली. मिस्त्री साठीचे. त्यांनी काही विचारलं नाही, गाडी जॅकवर घेतली, तेल काढलं आणि खालचं चेंबर खोललं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ते पसरट भांडं, ज्यात तेल साठतं. त्यात एक नळी उतरलेली असते आणि नळीच्या तोंडाला जाळी. पंप या जाळीतून तेल ओढतो, मग ते फिल्टरमध्ये जातं आणि तिथून सगळ्या इंजिनात. हा क्रम नीट बघा. जाळी आधी, फिल्टर नंतर. मी फिल्टर नवा टाकून निश्चिंत होते, पण फिल्टरपर्यंत तेल पोचायचं तर जाळी मोकळी हवी ना!

मिस्त्रींनी जाळी काढून माझ्या हातात दिली. पापड भाजल्यावर जाळीला जळके तुकडे चिकटतात तसे काळे कपचे, आणि त्यांच्या मधे डांबरासारखा लगदा. उजेडाकडे धरली तर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून उजेड येत होता. बाकी बंद. म्हणून गरम होऊन तेल पातळ झालं आणि जागेवर पंप सावकाश फिरायला लागला की दाब पडायचा, लाल दिवा लागायचा.

"काय घातलं होतं ह्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

मी फ्लशचं सांगितलं. आणि लगेच, मिस्त्रींनी काही म्हणायच्या आत, मोठ्याने म्हटलं, "पण सहा वर्षं तेलच बदललं नव्हतं. दुसरं काय होणार?" बाबा दोन फुटांवर उभे होते.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ताई, तेल बदललं नाही हे काकांचं चुकलंच. जाळी निम्मी आधीच भरली असणार. पण जो गाळ वर हेडला, भिंतींना धरून बसला होता, तो बसून होता बिचारा. तुम्ही तो एका दमात सोडवला. विरघळला तेवढा तेलाबरोबर गेला. जो नुसता सुटला, तो तळाला आला आणि जाळीत अडकला. फ्लश करायचंच होतं तर चेंबर खोलायला पाहिजे होतं."

आधी खालचं दार उघडावं लागतं.

मी बाबांकडे पाहिलं. आता ते म्हणणार, सांगितलं होतं ना! म्हणायला हवं होतं त्यांनी. पण त्यांनी माझ्या हातातून जाळी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून उजेडाकडे धरून पाहिली, आणि मिस्त्रींना विचारलं, "मग तेल नेमकं किती दिवसांनी बदलायचं असतं?"

खिशातून डायरी काढली. पेन काढलं. चौतीस वर्षं कालव्यांची आवर्तनं सांभाळलेला माणूस गॅरेजच्या स्टुलावर बसून शाळेतल्या पोरासारखं लिहून घेत होता. "गाडी चालली नाही तरी वर्षातून एकदा. जवळच्या फेऱ्या असल्या तर सहा महिन्यांनी. आठवड्यातून एकदा गाडी लांब न्यायची, अर्धा तास सलग, तेल तापलं पाहिजे."

ती डायरी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. २००४ पासूनचं सगळं त्यात होतं. कुठल्या तारखेला किती पेट्रोल, हवा कधी भरली, बॅटरीत पाणी कधी घातलं. दर रविवारी "तेल पाहिले. ठीक." पंधरा वर्षांचे रविवार! निष्काळजी माणसाची डायरी अशी नसते. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, एवढंच. आणि ती त्यांना पंधरा वर्षांत कुणीच सांगितली नव्हती. मी पुण्यात माझ्या गाडीचं तेल दरवर्षी न चुकता बदलत होते. बाबांना कधी विचारलं का, तुम्ही कधी बदलता म्हणून? नाही. गाडी चालवू नका हे मात्र दर फोनला सांगितलं.

मिस्त्रींनी चेंबर, जाळी आणि वरचं टॅपेट कव्हर काढून हाताने साफ केलं. बेअरिंगा वाचल्या होत्या. उरलेल्या गाळासाठी त्यांनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं चांगलं तेल घाला आणि हजार किलोमीटरला बदला. मग पुन्हा दोन हजाराला. मग दर सहा महिन्यांनी. "नवं तेलच साफ करतंय. फक्त हळूहळू करतंय. घाई करायची नाही."

पहिल्या हजारात तेल पार काळं झालं. मी घाबरून फोन केला तर बाबा म्हणाले, "काळं झालं म्हणजे काम करतंय. काळं झालं नसतं तर काळजी करायची." हेही डायरीत लिहून घेतलं असणार.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं, आणि मजा वाटली. फ्लशिंग ही काही आजची टूम नाही. फोर्डची मॉडेल टी, जी १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती, तिच्या मालकांसाठीच्या पुस्तकात इंजिन केरोसिनने धुवायची रीत दिलेली आहे. पण कशी? आधी घाण तेल पूर्ण काढून टाकायचं, मग केरोसिन ओतायचं आणि हँडलने इंजिन हातानेच पंधरा-वीस वेळा फिरवायचं, मग तेही काढून टाकायचं. इंजिन सुरू करायचं नाही. त्या काळच्या तेलात साफ करणारी रसायनंच नव्हती, त्यामुळे असं धुणं भाग होतं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत डिझेल इंजिनांच्या रिंगा काजळीने चिकटून बसायला लागल्या, तेव्हा तेलातच ती रसायनं मिसळायला सुरुवात झाली. म्हणजे आज आपण जे तेल घालतो त्यात थोडंथोडं धुणं आधीच आलेलं असतं. जो माणूस तेल वेळेवर बदलतो तो दर वेळी इंजिन धूतच असतो.

मग फ्लश वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. वेळेवर तेल बदललेल्या गाडीत घातलं तर बहुधा काही बिघडत नाही, पण साफ करायलाही आत फारसं काही नसतं. तेलात चुकून दुसरंच काही गेलं, कूलंट मिसळला, तर दुरुस्ती केल्यावर धुवावं लागतं, तेव्हा त्याचा उपयोग आहे. पण ज्या गाडीला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे असं वाटतं, म्हणजे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेली, तिथेच ते सगळ्यात धोक्याचं. आत किती गाळ आहे आणि सुटल्यावर तो कुठे जाणार, हे चेंबर खोलल्याशिवाय कळत नाही. शिवाय नट काढून तेल सोडलं तरी थोडं आत राहतंच, त्याबरोबर फ्लशचं पातळ द्रवही राहतं आणि नव्या तेलात मिसळतं. तेव्हा कुणी विचारलंच, तर आधी झाकण उघडून बघा. स्वच्छ असेल तर गरज नाही. काळा थर असेल तर चेंबर खोलायला सांगा. आणि तो लाल दिवा लागला तर पुढच्या सपाटीची वाट बघू नका.

असो. गाडी आरटीओत पास झाली. २०२४ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी झाली. बाबांनी २०२२ साली आपण होऊनच किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "रात्रीचं नीट दिसत नाही आता." त्याआधीची तीन वर्षं दर गुरुवारी ते आईला घेऊन वाईपर्यंत जाऊन येत. अर्धा तास सलग, तेल तापलं पाहिजे म्हणून! आई म्हणते, लग्नानंतर एवढं कधी फिरवलं नव्हतं.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेल बदलायला आम्ही दोघं त्याच गॅरेजात गेलो होतो. मिस्त्रींनी नट काढला, तेल खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायला लागलं. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, वाकून धारेखाली बोट धरलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं. गुळगुळीत. कचकच नाही. मग डायरीत लिहिलं, "तेल बदलले. गाळ नाही."

परत येताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तेव्हा मला सांगितलं होतंत. ढवळू नको म्हणून."

"हो."

"मग मी सगळ्यांना ती गोष्ट सांगायचे तेव्हा बोलला का नाहीत कधी?"

ते थोडा वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तेल मी बदललं नव्हतंच की. त्यात खोटं काय होतं?"

रविवारी साताऱ्याला जातेय, तेव्हा त्यांना हे वाचून दाखवणार आहे. आणि दादा, तो फोटो अजून तुझ्याकडे असेल तर काढून टाक.